नळी फुटलेली नाही, पण लागली आहे भलत्याच जागी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांवर वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुतेक रंग, क्रोम आणि सीटच्या चामड्याबद्दल. बोनेटखालचा भाग सहसा सुटतो. म्हणून हे पत्र.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून बाहेर काढलेली जुनी स्पोर्ट्स कार सिग्नलला थरथरते, रेस सोडली की बंद पडते. कधी उलटेच होते, पाय काढला तरी १५०० आरपीएमवर घोंघावत राहते. अशा गाडीला नाशिकमध्ये पहिला स्क्रूड्रायव्हर लागतो तो कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला. मग प्लग, पॉइंट, कॉइल बदलतात, आणि शेवटी मालकाला सांगितले जाते की कार्बोरेटर गेला, नवा मागवा. आमचे म्हणणे एवढेच आहे, की कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी इंजिनावरच्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवेच्या ओढीवर काम करणाऱ्या, नळ्या कुठून निघून कुठे जातात ते कागदावर काढा. तीस-चाळीस वर्षांत चार हातांखालून गेलेल्या गाडीत नळी फुटलेली असू शकते, तशी ती धडधाकट असून भलत्याच निपलवर, म्हणजे नळी बसते त्या टोकावर, चढवलेलीही असू शकते. फुटलेली नळी फुसफुसते, सापडते. चुकीची लागलेली आवाज करत नाही. धूर सोडून तपासले तरी कुठूनही धूर येत नाही. मिस्त्री खात्रीने सांगतो, "गाडी एअर घेत नाही," आणि तो खरेच बोलत असतो.

हा दोष आपल्याकडे चटकन ओळखला जात नाही याला कारण आहे. नाशिकच्या मिस्त्रीचा हात जीप, टेम्पो आणि ट्रॅक्टरवर, म्हणजे डिझेलवर बसलेला आहे. डिझेल इंजिनात हवेची वाट अडवणारा थ्रॉटल सहसा नसतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, उपयोगी पडेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही. तो वेगळ्या पंपाने करावा लागतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागच्या पंपाने, आणि तिथून एक जाड नळी सरळ ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, जाते. व्हॅक्यूम म्हणजे ब्रेक, हे समीकरण तिथून आले. पेट्रोल इंजिनात पिस्टन हवा ओढतो, थ्रॉटलची चकती, म्हणजे बटरफ्लाय, ती अडवते, आणि अडवल्यामुळे तिच्या खाली व्हॅक्यूम तयार होतो. तो जागेप्रमाणे वेगळा असतो. सगळा घोळ इथेच आहे.

बटरफ्लायच्या खालचा तो मॅनिफोल्ड व्हॅक्यूम. आयडलिंगला, म्हणजे पाय काढून इंजिन नुसते चालू असताना, भरपूर, पूर्ण रेस दिली की जवळजवळ शून्य. दुसरा पोर्टेड व्हॅक्यूम. याचे बारीक छिद्र बटरफ्लाय बंद असताना तिच्या किंचित वर राहते, म्हणून आयडलिंगला तिथे काहीच नसते. पाय जरा टेकवला की चकतीची कड छिद्र ओलांडते आणि व्हॅक्यूम एकदम येतो. तिसरा कार्बोरेटरच्या गळ्यातला, व्हेंच्युरीचा. तो अगदी कमजोर असतो, आतून जाणारी हवा वाढली की वाढतो, आणि मोजक्याच गाड्यांत वापरलेला असतो. तिन्हीची निपले बाहेरून सारखीच दिसतात, अनेकदा शेजारी शेजारी, आणि एकाच मापाची नळी तिन्हीवर घट्ट बसते.

कामाला एक व्हॅक्यूम गेज, हाताने ओढायचा व्हॅक्यूम पंप, टायमिंग लाइट, कागदी टेप, पेन आणि दोन-चार रबरी बुचे पुरतात. गेज इंच-पाऱ्यात असते. परदेशी मॅन्युअलात चांगल्या इंजिनाचे आयडलिंगचे रीडिंग साधारण १७ ते २१ इंच दिलेले असते, पण ते समुद्रसपाटीचे. दर १००० फुटांना सुमारे एक इंच कमी होतो. नाशिक जवळपास ६०० मीटरवर, म्हणजे २००० फुटांच्या आसपास, त्यामुळे इथे १५ ते १९ इंच आले तर ते ठीक समजा. कसारा घाट उतरून मुंबईला गेलात की तीच गाडी दोनेक इंच जास्त दाखवेल. हे लक्षात न घेता १६ इंच पाहून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे ओढणारे आहेत, आणि मग उन्हाळ्यात घाटात गाडी नॉक करते म्हणून पेट्रोलला दोष देतात.

आता माग काढायची पद्धत. इंजिन थंड असताना, एकही नळी न काढता, चारी बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना टेप लावून एकच आकडा लिहा. मग कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात व्हॅक्यूम देणारी निपले: मॅनिफोल्ड, कार्बोरेटरचा तळ, कार्बोरेटरचे अंग. तिसऱ्यात घेणारे: डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा), ब्रेक बूस्टर, ईजीआर व्हॉल्व्ह (जळका वायू थोडा परत आत सोडणारा), कोळशाचा डबा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा), असतील तर एसीचे आणि दिव्यांचे डबे. मधल्यात वाटेत लागणारे: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारा), डिले व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम उशिराने पोचवणारा), पाण्याच्या तापमानावर चालणारा व्हॉल्व्ह, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा), टी (तीन तोंडांचा जोड). सध्या जशा नळ्या लागल्या आहेत तशाच रेघा ओढा, बरोबर वाटोत वा चूक. दुरुस्ती नंतर.

बोनेटखाली कंपनीचा नकाशा चिकटवलेला असेल तर उत्तम, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. इंग्लंडला विकलेली, अमेरिकेला विकलेली आणि जपानमध्येच राहिलेली, एकाच मॉडेलच्या तीन गाड्यांच्या नळ्या तीन तऱ्हेच्या असतात. एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचेच बघा. काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटरची नळी कार्बोरेटरवरून येते, काहींत मॅनिफोल्डवरून, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. वर मधल्या काळात कुणी कार्बोरेटर किंवा डिस्ट्रिब्युटर बदलला असेल तर नकाशा एका इंजिनाचा आणि समोरचे इंजिन दुसरे. इंजिन नंबर, डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर आणि कार्बोरेटरवरची पट्टी तिन्ही जुळवून मगच मॅन्युअलचे पान उघडा.

कागद झाला की इंजिन चालू पूर्ण तापमानाला आणा. हँडब्रेक ओढा, चाकाला उटी लावा, बाह्या आणि ओढणी पंख्यापासून लांब ठेवा. पहिल्या रकान्यातले एकेक निपल मोकळे करून त्यावर गेज लावा, आधी आयडलिंगला, मग २००० आरपीएमला. दोन्ही वेळा भरपूर आले तर मॅनिफोल्ड. आयडलिंगला शून्य आणि रेसला आले तर पोर्टेड. कधीच काही आले नाही तर छिद्र कार्बनने बुजले आहे, किंवा ते निपल व्हॅक्यूमचे नाहीच, फ्लोटच्या वाटीचा, म्हणजे कार्बोरेटरातल्या पेट्रोलच्या साठ्याचा, श्वास आहे. तिथे नळी लावून कुठे जोडली असेल तर आधी ती काढा. पोर्टेड निपलला आयडलिंगला तीन-चार इंच दिसले तर निपलचा दोष नाही. कुणीतरी आयडलचा स्क्रू इतका आत घेतला आहे की बटरफ्लाय उभ्या गाडीतच छिद्राच्या वर गेली आहे. इतका स्क्रू का लागला, ते शोधायचे आहे.

घेणाऱ्या डब्यांना (कोळशाचा सोडून) हातपंपाने १५ इंच ओढून एक मिनिट धरा. काटा घसरला तर पडदा फाटला. ओढताना काटा झटकन चढला आणि आतली दांडी हललीच नाही तर नळी किंवा निपल बंद आहे.

चुका सर्वांत जास्त डिस्ट्रिब्युटरपाशी होतात. डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूमच्या डब्याला एकच निपल असेल तर ते ठिणगी लवकर पाडणाऱ्या अ‍ॅडव्हान्सचे, असे बहुधा धरले जाते, पण प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावरच्या काही गाड्यांत एकटे ठिणगी उशिरा पाडणाऱ्या रिटार्डचेच असते. दोन निपले असतील तर सहसा बाहेरच्या बाजूचे अ‍ॅडव्हान्सचे आणि डिस्ट्रिब्युटरच्या अंगाकडचे रिटार्डचे. सहसा. खात्री टायमिंग लाइटच करून देतो. आयडलिंगला दोन्ही नळ्या काढून बुचे लावा, एकेका निपलला हातपंपाने व्हॅक्यूम द्या आणि खूण कोणीकडे सरकते ते पाहा.

पोर्टेड हवा तिथे मॅनिफोल्डचा दिला तर आयडलिंगलाच टायमिंग १० ते १५ अंश पुढे जाते आणि रेस चढते. मग आयडलचा स्क्रू बाहेर काढला जातो. पुढे टायमिंग करताना नळी काढायची राहते, म्हणून मूळ टायमिंग मागे ओढले जाते, आणि पिकअप मेलेली गाडी तयार. उलटी चूकही तितकीच वाईट. ज्या इंजिनाला मॅनिफोल्डचा हवा त्याला पोर्टेड दिला तर उभ्या गाडीत टायमिंग मागे राहते, जळण उशिरा होते, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते आणि रविवार कारंजाच्या गर्दीत दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर. रेडिएटर बदलला जातो, पंखा बदलला जातो. दोन निपलांच्या डब्यावर नळ्यांची अदलाबदल झाली तर फरक मुख्यतः आयडलिंगलाच दिसतो. टायमिंग मागे हवे तिथे ते पुढे जाते.

पाण्याच्या तापमानावर चालणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण तिथे आपल्याकडची एक खोड आड येते. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा भाग, काढून टाकायची. बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्ये डिस्ट्रिब्युटर किंवा ईजीआरची नळी थंड इंजिनात बंद ठेवून ठरावीक तापमानाला उघडणारा व्हॉल्व्ह इनटेकमध्ये किंवा थर्मोस्टॅटच्या घराजवळ बसवलेला असतो. थर्मोस्टॅट नसला की जानेवारीत निफाडकडे हायवेला पळणारे इंजिन ते तापमान गाठतच नाही आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. नळी बरोबर, व्हॉल्व्ह चांगला, तरी अ‍ॅडव्हान्स नाही. मग कुणीतरी व्हॉल्व्हला वळसा घालून नळी थेट जोडतो, आणि पुढच्या माणसाला तोच मूळ रस्ता वाटतो. आधी थर्मोस्टॅट परत बसवा. नंतर व्हॉल्व्ह काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत तापवा, निपलमधून फुंकत राहा आणि कितीला वाट उघडते ते मॅन्युअलशी ताडून पाहा.

ईजीआरची नळी थेट मॅनिफोल्डवर गेली असेल तर जळका वायू आयडलिंगलाच आत शिरतो आणि गाडी तीन सिलिंडरवर चालल्यासारखी वाटते. ती काढून निपलला बूच लावले की क्षणात शांत होते. कोळशाच्या डब्याची शोषणाची नळी सतत मॅनिफोल्डवर असेल तर गरम इंजिन आयडलिंगला रिच होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, पेट्रोलचा वास मारते, आणि बिचाऱ्या फ्लोटवर संशय जातो.

ब्रेक बूस्टरची नळी १० ते १२ मिमी आतील व्यासाची, जाड भिंतीची असते. तिच्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उलटा बसला तर पेडल दगडासारखे लागते. व्हॉल्व्ह नसलाच तर इंजिन बंद पडल्यावर एकही मदतीचा ब्रेक शिल्लक राहत नाही. इंजिनाकडच्या टोकातून ओढले तर हवा यायला हवी, फुंकले तर जाता कामा नये. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल दाबा, दाबून धरा आणि स्टार्ट करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. परत बंद करून पाच मिनिटांनी दाबले तर पहिले दोन-तीन दाब हलके लागले पाहिजेत. या नळीत व्हॉल्व्ह आणि बूस्टरच्या मध्ये कसलीही टी नको. तेलाच्या वाफेची पीसीव्ही नळी तिथे जोडलेली असेल तर तेल बूस्टरच्या पडद्यात जाते आणि रबर फुगते. हे काम मात्र आजच्या आज करा.

इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा मारणाऱ्या, जुन्या गाड्यांत एक गोष्ट वेगळी. १९७५ ते १९७८ची डॅटसन २८०झेड घ्या. तिच्या बॉश एल-जेट्रॉनिकमध्ये आत येणारी हवा एका पाकळीच्या मीटरने मोजतात. मीटरनंतर कुठूनही आलेली हवा हिशेबात येत नाही, त्यामुळे ऑइलचे झाकण किंवा डिपस्टिक सैल असली तरी गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या फ्युएल रेग्युलेटरला मॅनिफोल्डचाच व्हॅक्यूम हवा. नळी काढली की प्रेशर ३६ पीएसआय, लावली की आयडलिंगला २८च्या आसपास. पोर्टेडवर लावली तर आयडलिंगला ३६च राहते आणि काळा धूर निघतो. १९९०च्या दशकातल्या दोन टर्बोंच्या माझ्दा आरएक्स-७मध्ये नळ्यांचे जंगल आहे आणि काही नळ्यांत व्हॅक्यूमऐवजी दाब येतो. पद्धत तीच, फक्त प्रत्येक टोकाला क्लिप आणि दुप्पट वेळ.

दिव्यांचे थोडक्यात. १९६८ ते १९८२च्या कॉर्व्हेटचे दिवे व्हॅक्यूमने उघडतात. डब्याच्या दोन नळ्या उलट लागल्या की बटण उघडायला दाबावे आणि दिवा बंद व्हावा. लोटस इलानमध्ये तर चासीचा पुढचा पोकळ आडवा भागच व्हॅक्यूमची टाकी आहे, तिथे गंज लागून भोक पडले की गळती इंजिनाबाहेर शोधावी लागते.

नळ्या बदलताना जुनी फेकण्याआधी ती बोटांत दाबून पाहा. आत कडक गाठ लागली तर ते बारीक छिद्राचे रिस्ट्रिक्टर आहे. नव्या नळीत ते गेले नाही तर सगळे बरोबर जोडूनही गाडी झटके देते. निपल पक्कडीने ओढू नका, तापून ठिसूळ झालेले प्लॅस्टिक मोडते. नळी आधी पिळून सुटी करा किंवा ब्लेडने लांबीत चिरा, निपलला ओरखडा न पडू देता. दोन कार्बोरेटरच्या साध्या गाडीला साधारण तीन मीटर ३.५ मिमी, दोन मीटर ६ मिमी आणि एक मीटर बूस्टरची नळी लागते. द्राक्षाच्या गावात ठिबकची मायक्रोट्यूब घरोघरी पडलेली असते, ती डिस्ट्रिब्युटरला लावू नका. तापली की निपलवर सैल पडते आणि थंड झाली की तशीच कडक राहते. सलाइनची नळी तर गरम झाल्यावर व्हॅक्यूमने आतून चिकटते. चमकदार रंगाची सिलिकॉन नळी उष्णतेला चांगली, पण पेट्रोल आणि तेलाच्या वाफेला नाही. पीसीव्ही आणि कोळशाच्या डब्याला नायट्राइल रबरच घ्या, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येत असल्याने इथेनॉल चालेल असे लिहिलेलेच. या पेट्रोलावर जुना कार्बोरेटर मुळातच थोडा लीन चालतो, त्यामुळे पूर्वी खपून जाणारी बारीक गळती आता जाणवते.

गळती शोधायला कार्ब क्लीनरचा फवारा गरम एक्झॉस्टवर मारणे किंवा उदबत्ती फिरवणे, दोन्ही आग लावायचे धंदे आहेत. गॅस्केटच्या कडेला साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला तर तिथे. किंवा गुळगुळीत तोंडाच्या चिमट्याने एकेक नळी दाबा आणि आरपीएम पाहा.

आणखी एक फुकटचे साधन आहे, पीयूसीची पावती. पास की नापास एवढेच न पाहता आकडे वाचा. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी आणि एचसी (न जळलेले पेट्रोल) खूप जास्त असेल तर लीन मिसफायर, म्हणजे आधी नळ्या आणि गॅस्केट. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त असतील तर गळती झाकायला कुणीतरी मिक्स्चर रिच केले असण्याची शक्यता धरा.

सगळे जागेवर आले की कार्बोरेटरचे स्क्रू मॅन्युअलातल्या मूळ आट्यांवर आणा, डिस्ट्रिब्युटरची नळी काढून बूच लावून मूळ टायमिंग करा, नळी जोडा, आणि मग आयडल. काही इंजिनांत नळी जोडूनच टायमिंग करायचे असते, ते मॅन्युअलात पाहून घ्या. पक्का नकाशा लॅमिनेट करून बोनेटच्या आत चिकटवा, त्यावर तारीख आणि डिस्ट्रिब्युटरचा नंबर घाला.

जागेअभावी पत्र कापावे लागले तर दिव्यांचा परिच्छेद खुशाल काढा. थर्मोस्टॅटचा आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हचा मात्र ठेवावा, ही विनंती.

आपले,
जुन्या पेट्रोल गाड्यांचे काम करणारे काही मेकॅनिक,
नाशिक